पेठेंतील गाळा

आमचें कुटुंब एकत्र आहे. गेल्या वर्षीं वडिलार्जित शेत विकलें, तेव्हां आलेली रक्कम कोठें गुंतवावी हा प्रश्न सर्वांपुढें उभा राहिला. धाकट्या पुतण्यानें पालघर स्टेशनाजवळ दुकानाचा एक गाळा हेरला होता. "काका, गांव वाढतें आहे, आज घेतला तर उद्यां त्याचें सोनें होईल," असें त्याचें म्हणणें.

तें अगदींच निराधार नव्हतें. २०१३ सालीं लोकलगाड्या विरारपुढें डहाणू रोडपर्यंत धावूं लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निघून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु २०२१ सालीं जिल्ह्याचें नवें मुख्यालय उघडलें, तें जुन्या पेठेंत नव्हे. बोईसर रस्त्यावर, कोळगांव येथें. तारापूरच्या कारखान्यांतील कामगारास तर बोईसरचाच बाजार जवळचा. विकणारा किंमत मागत होता ती उद्यांच्या शहराची. भाडें मात्र आजच्या गिऱ्हाइकांतूनच निघावयाचें!

आम्हीं पुतण्यास सांगितलें, "आठ दिवस तेथें बैस आणि येणारीं-जाणारीं माणसें मोज." त्यानें मोजलीं. गाडी आली कीं लोंढा येई. पण रिक्षा गांठण्याच्या घाईंत दुकानाकडे वळणारे थोडे. त्याला बसावयास स्टूल दिलें तें त्याच गाळ्यांतील वृद्ध शिंप्यानें. तो तेथील कित्येक वर्षांचा भाडेकरू. "त्याला काढून देऊं," असें विकणाऱ्यानें नुसतें तोंडीं सांगितलें होतें!

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ असा कीं, मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाहीं. नव्या मालकास गाळा भाडेकरूसहच मिळतो. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी सुईवर संसार चालविणाऱ्यास उठवून आमच्या घरीं लक्ष्मी कशी नांदावी?

पुतण्या चार दिवस रुसला. पुढें आम्हीं बाजूच्या गल्लींत लहानसा रिकामा गाळा घेतला. भोगवटा प्रमाणपत्र पाहिलें; जमीन पूर्वी कोणाची होती हेंही तपासलें. कारण या जिल्ह्यांत आदिवासी बांधवांच्या जमिनी पुष्कळ, आणि सरकारी परवानगीवांचून त्या इतरांस घेतां येत नाहींत. रक्कम निम्मीच लागली.

तात्पर्य, गाळा घेणाऱ्यानें नकाशापेक्षां रस्ता अधिक पाहावा. आमच्या मुलांचे गणवेश अद्याप त्याच शिंप्याकडे शिवले जातात.