समांतर युक्तिवाद: साम्य विषयाचे नव्हे, रचनेचे

अमेरिका आणि कॅनडातील कायदा महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेत समांतर युक्तिवादाचे प्रश्न नेहमीचे आहेत. एक युक्तिवाद दिलेला असतो. पाच पर्यायांतून त्याच घडणीचा दुसरा शोधायचा असतो. ऑगस्ट 2024 पासून कोड्यांचा विभाग बंद झाला आणि गुण मिळणाऱ्या तीन विभागांपैकी दोन तर्काचे झाले, तेव्हापासून या प्रश्नांकडे काणाडोळा करणे परवडत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे विषय जुळला की युक्तिवाद जुळला. समजा, मूळ युक्तिवाद असा आहे: ‘ताजी मासळी आली की दुकानात गर्दी होते. आज गर्दी नाही, म्हणजे ताजी मासळी आलेली नाही.’ एक पर्याय म्हणतो: ‘ताजी भाजी आली की मंडईत झुंबड उडते. आज झुंबड आहे, म्हणजे ताजी भाजी आली आहे.’ दिसायला जुळा, पण तर्क निराळा आणि सदोषही. झुंबड सणामुळेही असू शकते. दुसरा पर्याय: ‘हा तुकडा लोखंडाचा नाही, कारण तसा असता तर चुंबकाला चिकटला असता, आणि हा चिकटत नाही.’ मासळीशी काडीचा संबंध नसलेले हेच उत्तर बरोबर. परीक्षक सारखा विषय बहुधा सापळा म्हणूनच ठेवतात.

याच उदाहरणात निष्कर्ष आधी आला आहे, म्हणून पर्याय चुकत नाही. विधानांचा क्रम ही केवळ मांडणी असते. न्यायदर्शनाच्या पंचावयवी अनुमानात तर ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञाच प्रथम येते आणि धुराचा हेतू त्यानंतर.

बरोबर उत्तर तर्कशुद्धच असले पाहिजे, हीही समजूत चुकीची. कित्येक प्रश्नांत मूळ युक्तिवादच सदोष असतो आणि तसे प्रश्नात सांगितलेलेही असते. अशा वेळी निर्दोष पर्याय बाद होतो, आणि वेगळा दोष असलेला पर्यायही. विधाने वस्तुतः खरी आहेत की नाहीत, याचा इथे संबंध नसतो.

प्रत्येक पर्याय चिन्हांत उतरवून काढल्याशिवाय सुटका नाही, असे शिकवणारेही आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा निष्कर्षांची तुलना आधी केली तरी दोन-तीन पर्याय गळतात. मूळ निष्कर्ष ‘बहुतेक’ म्हणत असेल तर ‘सर्व’ म्हणणारा पर्याय चालत नाही; ‘शक्य आहे’ला ‘नक्की आहे’ जुळत नाही; ‘असे करावे’ हा सल्ला ‘असे घडते’ या विधानाशी समांतर नसतो. नकाराचे मात्र तसे नाही. ‘अनुपस्थित’ आणि ‘हजर नाही’ यांत शब्द बदलले तरी रचना तीच राहते. चिन्हे उरलेल्या दोन पर्यायांसाठी राखून ठेवावीत.

लांबलचक प्रश्नाला जास्त गुण असतील, हाही भ्रमच. सर्व प्रश्नांना सारखेच गुण असतात. पस्तीस मिनिटांच्या विभागात हा प्रश्न शेवटी सोडवणे शहाणपणाचे, पण कोरा सोडणे नव्हे, कारण चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.