ओस गावातली फेरी

दिवाळीची सुटी जवळ आली की घरोघरी प्रवासाचे बेत शिजू लागतात, आणि त्यांतले निम्मे तिकिटांपाशीच अडतात. अशा मंडळींसाठी हल्ली एक बिनतिकिटाचा प्रवास निघाला आहे. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवावे आणि अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभे राहून डावीउजवीकडे, वर आभाळात, खाली पायांशी, वाटेल तिकडे पाहावे. मान वळवावी तसे दृश्य वळते.

ही हौस मात्र आजची नव्हे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये अशा वर्तुळाकार चित्राचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उघडली. प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभे राहत आणि भोवती भिंतभर दृश्य पसरलेले असे. आजची युक्तीही त्याच जातीची. अनेक भिंगांचा कॅमेरा चहूकडची छायाचित्रे घेतो. त्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. कडांवरच्या सारख्या खुणा जुळवून संगणक ती गोधडीसारखी शिवतो आणि जणू पोकळ चेंडूला आतून अस्तर लावतो. आपण त्या चेंडूच्या मध्यावर! मेख एवढीच की, मान आपली असली तरी पाय कॅमेरेवाल्याचे असतात. ग्रँड कॅन्यनच्या पायवाटांवर २०१२ मध्ये माणसे कॅमेरा पाठीवर घेऊन चालली, म्हणून आपण तिथे पोचलो.

हे पाय कधी कधी चारही असतात बरे का! फेरो बेटांवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. गुगलची गाडी काही तिकडे फिरकेना, तेव्हा २०१६ मध्ये तिथल्या पर्यटनवाल्यांनी मेंढ्यांच्याच पाठीवर कॅमेरे बांधले. पुढे गुगलने आपले कॅमेरे उसने दिले.

आपल्याकडे ही सोय २०२२ च्या जुलैत दहा शहरांपासून सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते. लोकांनी पहिल्यांदा काय शोधले असेल? माझा अंदाज विचाराल तर ताजमहाल नव्हे, आपलीच चाळ, आपलीच गॅलरी! आपले घर परक्याच्या डोळ्यांनी पाहण्यात काही वेगळीच गंमत असते. पण जपानातल्या नामिए गावच्या लोकांना तेच पाहायचे होते, आणि त्यांच्या बाबतीत ती गंमत नव्हती.

११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली आणि गावाजवळच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला. किरणोत्सर्गाच्या भीतीने नामिएच्या सुमारे २१,००० रहिवाशांना घरेदारे सोडावी लागली. दोन वर्षे उलटली, तरी परत राहायला जाण्याची सोय नव्हती. आपले गाव आता दिसते तरी कसे, असे लोक विचारू लागले. नगराध्यक्ष तामोत्सु बाबा यांनी गुगललाच बोलावणे धाडले, आणि मार्च २०१३ मध्ये नामिएचे रस्ते घरबसल्या हिंडता येऊ लागले.

ज्या रस्त्यावर शरद ऋतूतल्या जत्रेला शेकडो दुकाने लागत, तिथे पडकी घरे होती तशीच उभी. उकेदो बंदरातल्या मासेमारीच्या होड्या पार आत जमिनीवर येऊन रस्त्याकडेला पडलेल्या. त्या हलवायलाही कोणी गेलेले नव्हते. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे धूसर करायचे, असा गुगलचा रिवाज. इथे धूसर करायला चेहरेच नव्हते म्हणाना!

ग्रँड कॅन्यन पाहणारा “वा!” म्हणून पुढे सरकतो. नामिएची एखादी आजी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबली असेल. छपराची कौले शाबूत आहेत का, दार कोणी उघडले तर नाही ना, हे तिने बोटाने चित्र पुढेमागे सरकवून पाहिले असेल. बार्करच्या प्रेक्षकांना हे सुख नव्हते. सुख म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे.

३१ मार्च २०१७ रोजी गावाचा मधला भाग पुन्हा राहायला खुला झाला. थोडी माणसे परतली. पुष्कळांची बिऱ्हाडे तोवर दुसरीकडे रुजली होती, मुले तिथल्या शाळांत रुळली होती. बाबा २०१८ मध्ये वारले. नामिएचा डोंगराकडचा बराच मुलूख अजूनही बंद आहे.