चौदा इंजेक्शने आणि शरीरातील निरोप्या

कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, हे समीकरण आमच्या आष्टी-परतूर भागातील जुन्या माणसांच्या मनातून अजून गेलेले नाही. त्या इंजेक्शनांनी क्वचित कोणाला लकवा होतो, असेही लोक म्हणत. या बोलण्याला अडाणीपणा समजून पुष्कळ जण हसत. पण आम्ही पुस्तके धुंडाळली, तेव्हा अडाण्यांचेच म्हणणे खरे निघाले.

ही लस डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली कसौली येथे सिद्ध केली. पुढे ती मेंढीच्या मेंदूपासून होऊ लागली. मेंदूत पिसाळरोगाचा विषाणू वाढवायचा, मेंदू वाटायचा, फिनॉल घालून विषाणू मारायचा आणि तो द्रव टोचायचा. परळच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होत असे. लस स्वस्त होती, आणि पिसाळरोग एकदा उमटला की मरण ठरलेलेच. तेव्हा तिने वाचविलेले प्राण विसरून तिला नावे ठेवणे आम्हांस पटत नाही. परंतु काही शेकड्यांत, कोठे काही हजारांत, एखाद्याला पंधरवड्याच्या सुमारास ताप येई, पाय लुळे पडत, लघवी अडे. काही जण दगावत. विषाणू तर मेलेला! मग हे कशाने?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1933 साली याचा छडा लावला. सशाचा निरोगी मेंदू, विषाणूविना, त्यांनी माकडांना पुनःपुन्हा टोचला. काही माकडे लुळी पडली. म्हणजे दोष मेंदूच्या द्रव्याचा होता. मज्जातंतूंवर, तारेवरील वेष्टनासारखे, मायलिनचे आवरण असते. मेंढीचे मायलिन आणि माणसाचे मायलिन यांत फार साम्य आहे. शरीर मेंढीच्या मायलिनवर चिडले आणि स्वतःच्याच मायलिनवर तुटून पडले.

पण चिडविले कोणी? पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, हे शेतात राबणाऱ्यास सांगावयास नको. काट्याची वार्ता जांघेपर्यंत नेणाऱ्या पेशी आहेत. कातडीतील अशा फांद्या फुटलेल्या पेशी बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स या विद्यार्थ्याने 1868 साली पाहिल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. 1973 साली रॉकफेलरमध्येच राल्फ स्टाइनमन व झानविल कोन यांना उंदराच्या प्लीहेत तशा पेशी आढळल्या. त्यांनी नाव दिले डेंड्रिटिक पेशी. ग्रीक भाषेत डेंड्रॉन म्हणजे झाड. स्टाइनमन यांना 2011 साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते.

संघटनेच्या कामात आम्ही पाहिले आहे की, खात्यातली तक्रार कचेरीत आणणारा माणूस जे सांगेल त्यावर सभा पेटते. सभेतले लोक जागेवर जाऊन पाहत नाहीत. शरीरातील टी-पेशींचेही तसेच आहे. डेंड्रिटिक पेशी जो तुकडा दाखवील तोच त्यांना दिसतो. निरोप्याने तुकडा शांतपणे दाखविला, तर त्या तो आपला मानून गप्प बसतात. धोक्याची खूण घेऊन दाखविला, तर लढावयास निघतात. जुन्या लसीत धोक्याची खूण आणि मायलिन एकाच पिचकारीत होते, तेही रोज, चौदा दिवस! चिडलेल्या टी-पेशी रक्तातून मेंदूपर्यंत जात. तेथे रक्तवाहिन्यांच्या कडेला बसलेल्या डेंड्रिटिक पेशी त्यांना मायलिन पुन्हा दाखवितात, आणि हल्ला सुरू होतो. उंदरांवरील प्रयोगांत हे 2005 साली दिसून आले. मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगातही मायलिनच झडते. तेथे मेंढीचा मेंदू कोणी टोचलेला नसतो. तरी हेच निरोपे त्या आगीत हात घालतात, असे संशोधकांस आढळले आहे.

भारतात मेंदूपासून लस करणे 2004 साल संपता संपता बंद झाले. आताची लस काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर होते. तीत मेंदूचे द्रव्य नाही. तरीही चौदा सुयांच्या धास्तीने माणसे आधी मांत्रिकाचे दार ठोठावतात, हे आम्हांस फार खटकते. आता सरकारी दवाखान्यांत कातडीतच, दोन्ही दंडांवर, 0.1 मिलिलिटर लस टोचतात : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. इतके थेंबभर औषध पुरते, कारण कातडीत तेच फांद्यांचे निरोपे दाटीने बसलेले असतात. जखम खोल असेल, तर तिच्यात वेगळे सीरमही भरावे लागते. आणि दवाखान्यात निघण्यापूर्वी ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावयाची असते.