महाबळेश्वरचे झाड बुटके का?

माहीमच्या एखाद्या जुन्या चाळीच्या गॅलरीत क्षणभर उभे राहा. कठड्यावर तुळस, सदाफुली, कोरफड यांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसतील. जुलैत त्यांच्यावर दिवसभर पाऊस कोसळतो. जास्तीचे पाणी तळाच्या भोकातून गळते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी भांडायला येतात! मे महिन्यात मात्र आठ-दहा दिवस गावी जाऊन आलात, की तुळशीच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात. कुंडीवर पाऊस किती पडला याला फारसा अर्थ नाही. कुंडीत मावला किती, ते महत्त्वाचे.

ही कुंडी ध्यानात ठेवून आता महाबळेश्वरला चला. उंची सुमारे १,३७० मीटर. पाऊस वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या दुपटीहूनही बराच अधिक. हिवाळ्यात एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठते. थंड डोंगरी जंगलाचा आपल्याला सहज पाहता येणारा नमुना तो हाच. इतक्या पावसात झाडे गगनाला भिडायला हवीत. पण इथली जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही झाडे पाहा. कित्येक बुटकी, खोडाला पीळ पडलेली. पठारावरच्या वाऱ्याचा त्यात हात आहेच. माझ्या मते त्याहून मोठे कारण पायाखाली आहे. रस्त्यासाठी जिथे डोंगर कापला आहे तिथे ते उघडे पडते. वर वीत-दोन वीत तांबडी माती, आणि तिच्याखाली लगेच भोकाभोकांचा जांभा दगड.

थोडे गणित करू. माती ३० सेंटिमीटर जाड आहे असे धरा. झाडाला शोषून घेता येईल असे पाणी अशा मातीच्या दर १० सेंटिमीटर थरात साधारण १५ मिलिमीटर मावते असे माना. म्हणजे एकूण ४५ मिलिमीटर. जंगल पानांवाटे रोज ३ मिलिमीटर पाणी हवेत सोडत असेल, तर हा साठा १५ दिवसांत संपला! पाऊस ऑक्टोबरात थांबतो आणि जूनमध्ये परततो. मधले सात-आठ महिने काय करायचे? सहा हजार मिलिमीटर पावसाच्या गावातले झाड अशा रीतीने तहानलेले राहते. ते आपली मुळे जांभ्याच्या भेगांत घुसवते आणि तिथला ओलावा शोधते. अंजनीचे पान हातात घेऊन पाहा. जाड, चिवट, तुकतुकीत. काटकसरीने पाणी खर्च करणारे पान असेच असते.

उरलेले पाणी कुठे जाते? बरेचसे उतारावरून धावत जाते. काही जांभ्याच्या भोकांतून खाली मुरते आणि खालच्या घट्ट थराला अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. कृष्णा आणि कोयना याच डोंगरात उगम पावतात.

आता माती इतकी उथळ का, ते पाहू. मातीचे खाते बँकेच्या खात्यासारखे असते. खडक कुजून नवी माती होते ती जमा, पाण्याबरोबर वाहून जाते तो खर्च. हिमालयातल्या देवदारांच्या जंगलात जमेची बाजूच लंगडी आहे. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की रासायनिक क्रियेचा वेग निम्म्यावर येतो. त्यामुळे थंडीत खडक फार सावकाश कुजतो. मात्र तो फुटतो भरपूर. भेगेतले पाणी गोठताना त्याचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ते पाचरीसारखे काम करते. त्यातून मिळतात ते दगडगोटे, माती थोडीच. म्हणून तिथली जमीन उथळ आणि शिवाय खडकाळ.

महाबळेश्वरी दव गोठले तरी खडक फोडण्याइतकी थंडी नसते. इथे खर्च अफाट आहे. शिवाय जांभा म्हणजे खडकाचा चोथा! आपण चहा पुन्हापुन्हा उकळला तर गाळणीत जे उरते, तसेच. लक्षावधी वर्षांच्या पावसाने काळ्या बेसाल्ट खडकातले चुना, पोटॅश, सिलिका हे पदार्थ धुऊन नेले. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे राहिली. अशा दगडापासून झाडाला पोषण फार थोडे मिळते. त्याची खरी शिदोरी म्हणजे खाली पडलेला पालापाचोळा. तो कुजतो आणि त्यातले क्षार मुळे पुन्हा वर ओढतात. हा पाला झाडून नेला किंवा जाळला, तर झाडाच्या तोंडचा घास गेला. मातीचा एक सेंटिमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागू शकतात. गळणारे छप्पर दुरुस्त करावे तसे हे काम नाही.

२२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. आपल्या ४५ मिलिमीटरच्या कुंडीशी तुलना करा. उतारावरची माती टिकते ती घर्षणामुळे, आणि घर्षण अवलंबून असते कणांनी एकमेकांवर दिलेल्या दाबावर. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की वरचे काही वजन पाणीच पेलते. कणांमधला दाब घटतो आणि घर्षणही. वजन मात्र वाढलेले असते. खडकाच्या भेगांत गेलेली मुळे अशा वेळी खिळ्यांसारखी उपयोगी पडतात. उताराचा पायथा कापला, तर खालचा आधारच जातो. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. तिथे उतार कापण्याची परवानगी मागणाऱ्याला मी आधी मातीची जाडी विचारीन.

घरी एक प्रयोग करून पाहा. सुकलेली कुंडी शाळेतल्या ताणकाट्याला टांगून तिचे वजन घ्या. मग पाणी घाला, गळणे थांबू द्या आणि पुन्हा वजन करा. वाढलेले वजन १ किलोग्रॅम असेल आणि कुंडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर असेल, तर कुंडीने २० मिलिमीटर पाऊस धरला. त्यानंतर पाणी न घालता रोज वजन करून आलेख काढा. तुळस मान टाकू लागली, की प्रयोग थांबवून तिला पाणी द्या.