पाचटाची राख नको, खत करा



तोडणीची टोळी रानातून उठली की दोन-तीन दिवसांत शिवारात धुराचे लोट दिसू लागतात. गटात फिरताना आम्ही विचारतो, तर उत्तर ठरलेलं असतं, "साहेब, पेटवलं की रान मोकळं. नांगराला पाचट अडकतं." अडचण खरी आहे. पण काडी ओढल्यावर काय काय जातं, त्याचा हिशेब एकदा मांडू या.

एकरी सुमारे ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का धरले तरी ४ टनांत २० किलो झाले, म्हणजे युरियाचे जवळजवळ एक पोते. राखेत पालाश उरतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराबरोबर जातात. नत्र एक वेळ दुकानात मिळेल. सेंद्रिय कर्ब पोत्यात मिळत नाही. तो घटला की जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि खताची पोती वाढवूनही टनेज जागचे हलत नाही.

खोडवा ठेवायचा असेल तर पाचट सरीतच आच्छादन म्हणून राहू द्यावे. जो ऊस मोडायचा आहे, त्याचे पाचट बांधावर आणून कंपोस्ट करावे.

मात्र उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणाचे बी आणि हुमणी आपण स्वतःच्या हाताने रानात नेतो. शिवाय कच्चे पाचट जमिनीत कुजताना तिथलेच नत्र ओढून घेते आणि ऊस पिवळा पडतो. १९३१ च्या सुमारास अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे बसवलेल्या पद्धतीचे सूत्र आजही तेच आहे : काडीकचरा, शेण, पाणी आणि हवा यांचा मेळ.

खड्डा ६ फूट रुंद, ३ फूट खोल आणि सोयीप्रमाणे लांब घ्यावा. पाणी साचणाऱ्या भारी रानात खड्डा नको, जमिनीवरच ढीग करावा. पाचटाचे तुकडे केले तर लवकर कुजते. आधी गोठ्यात जनावरांखाली अंथरले तर फारच उत्तम, ते गोमूत्र शोषून घेते. फूटभर पाचटाचा थर द्यावा, त्यावर शेणकाला शिंपडावा. १ टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन लागते. ते थराथरांत सारखे वाटून घालावे. हा युरिया वाया जात नाही, त्यातला बराचसा खतातून परत मिळतो. प्रेसमड मिळाला तर त्याचाही पातळ थर द्यावा. शेवटी शेणमातीने झाकावे.

ओल किती हवी? मूठभर माल दाबावा. हात ओला झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. आठवड्याने ढिगात पहार खुपसून थोड्या वेळाने काढावी. ती हाताला चटका देत असेल तर काम सुरू आहे. याच उष्णतेने तणाचे बी मरते. पहार गार लागली तर पाणी किंवा शेण कमी पडले समजावे. घाण वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. महिन्याने चाळवणी करावी, कडेचा माल मध्ये घ्यावा, पुन्हा महिन्याने तेच करावे. "चाळवायला माणसं कुठनं आणायची?" असे सभासद म्हणतात. पण चाळवणी चुकली की कडेचा माल कच्चा राहतो आणि तणही जिवंत राहते.

चार-पाच महिन्यांत ढीग बसतो, माल काळसर व भुसभुशीत होतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेला खड्डा जुलै-ऑगस्टच्या आडसाली लागणीला बरोबर तयार होतो.

एका एकराच्या पाचटातून दीड-दोन टन खत मिळते. साऱ्या रानाला एका साली पुरणार नाही, म्हणून दरवर्षी एक तुकडा धरावा. यंदाच्या तोडणीत निदान एका एकराचे पाचट पेटवू नका, एवढीच विनंती. खड्डा भरायच्या आदल्या दिवशी गट ऑफिसला निरोप द्या, आमचा माणूस बांधावर येईल.