"हे काय?" नंतरचा प्रश्न

भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून "हे काय?" विचारले की पहिलीतले मूल "बस, विमान, जहाज" धडाधड सांगते. पालक खूष होतात. पण "बसला चाके कशाला?" असे विचारताच वर्ग गप्प होतो. मूल विचार करू लागते ते या शांततेत. म्हणून शिक्षकाने किंवा आईने घाईने उत्तर सांगून ती मोडू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने 3 ते 8 वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळ व कृतींवर भर दिला आहे. वाहने मूल रोज पाहते, त्यामुळे हा विषय सोयीचा. पुढील कृतींना खर्चही नाही.

गट करणे : सायकल, रिक्षा, बैलगाडी, रेल्वे, होडी, विमान यांची चित्रे द्या. "सारखी वाटतात ती एकत्र ठेवा," एवढेच सांगा. कुणी चाके मोजेल, कुणी जमीन-पाणी-हवा असे गट करील. सगळे बरोबर, मात्र कारण सांगता आले पाहिजे. मग विचारा, "विमानालाही चाके असतात, ते कुठे ठेवणार?" आता मुले स्वतःचाच नियम तपासू लागतात.

अंदाज : फळी उतरती ठेवून खेळण्यातली गाडी सोडा. नंतर फळीवर टॉवेल अंथरून पुन्हा सोडा. प्रत्येक वेळी आधी अंदाज विचारा, मग खडूने खूण करा. अंदाज चुकला तर हसू नका. "असे का झाले असेल?" एवढेच विचारा.

अडचण सोडवणे : खाडीपलीकडे अंडी न्यायची आहेत, पूल नाही. होडी सुचेलच. "होडी हलली तर?" विचारले की टोपलीत पेंढा घालण्याची युक्तीही मुलेच काढतात.

तेव्हा आणि आता : पूर्वी मुंबईहून हाजी जहाजाने जिद्दाला जात. ही जहाजे 1995 साली बंद झाली. आज विमान पाच-सहा तासांत पोहोचते. दादी-नानींना विचारून या, तेव्हा सोबत काय काय नेत? इतके सामान कशाला? प्रवास लांबला की तयारी वाढते, हे मुले आपणच शोधतात. सूरह नहलच्या आठव्या आयतीत घोडे, खेचरे, गाढवे या सवारीच्या जनावरांबरोबर माणसाला ठाऊक नसलेल्या निर्मितीचाही उल्लेख आहे. त्यावरून विचारा, उद्याची सवारी कशी असेल?

आणखी एक गोष्ट. आपली बरीच मुले घरी उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलतात. "सायकल को पेट्रोल नहीं लगता" हे उत्तर पूर्ण बरोबर आहे. आधी विचाराला शाबासकी द्या, मग मराठी वाक्य शिकवा. भाषेसाठी टोकलेले मूल हळूहळू बोलणेच सोडते.

घरी रोज एकच प्रश्न पुरे. रिक्षात बसल्यावर, फाटकाशी थांबल्यावर विचारा आणि उत्तराची वाट पाहा. आज "का?" विचारायला शिकलेले मूल उद्या मोबाइलवर आलेली बातमी पुढे पाठवण्याआधी "कशावरून?" असेही विचारील, इन्शाअल्लाह.