वाळवंटातला गोल्फचा चेंडू

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात कोचेला नावाचे एक खोरे आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम दहा सेंटिमीटर, उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे, भोवती उघडेबोडके डोंगर. अशा ठिकाणी १९५१ साली थंडरबर्ड कंट्री क्लब या खाजगी क्लबाने खोऱ्यातले पहिले अठरा होलांचे गोल्फचे मैदान सुरू केले. आज तिथे शंभराहून अधिक मैदाने आहेत. अशा खाजगी क्लबांत सभासद आणि त्यांचे पाहुणे यांनाच प्रवेश असतो. आपण मात्र पदार्थविज्ञानाचा हात धरून फुकट आत शिरू.

गोल्फच्या चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९ ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान लिंबाएवढे. कसलेल्या खेळाडूने काठी मारली की तो सेकंदाला ७० मीटर वेगाने सुटतो. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श टिकतो अवघा अर्धा सहस्रांश सेकंद! आता संवेगातील बदलाला वेळेने भागा. सरासरी बल सुमारे ६,४०० न्यूटन येते, म्हणजे साडेसहाशे किलोग्रॅमच्या भाराइतके. तेवढ्या क्षणापुरता चेंडू चक्क चेपला जातो.

चेंडूवर तीनशे ते पाचशे खळगे असतात. गुळगुळीत चेंडूच हवेतून अधिक सहज जाईल असे तुम्हाला वाटेल. वर्गात विचारले तर बहुतेक हात त्याच बाजूने वर होतात. प्रत्यक्षात गुळगुळीत चेंडू निम्म्याच अंतरावर पडतो. त्याच्या पृष्ठालगतचा हवेचा पातळ थर लवकर सुटतो आणि मागे कमी दाबाचा रुंद पट्टा तयार होतो. हा पट्टा चेंडूला मागे खेचतो. खळग्यांमुळे तो थर खळबळतो, चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो आणि मागचा पट्टा अरुंद होतो. गटापर्चाच्या जुन्या चेंडूंच्या काळात, टवके उडालेला चेंडू लांब जातो हे खेळाडूंनी आधी पाहिले. कारण नंतर कळले.

शिवाय चेंडू उलटा फिरत जातो, मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे. त्यामुळे हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी १८९० च्या दशकात या फिरकीचे महत्त्व गणिताने दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा नामांकित गोल्फपटू होता, तेव्हा विषय घरातलाच!

आता वाळवंटाकडे वळू. तिथली हवा 'विरळ' असते असे खेळाडू म्हणतात. हे कितपत खरे? कोचेला खोरे उंचावर नाही. त्याचा काही भाग तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तेव्हा विरळपणा येतो तो केवळ उष्णतेने. दाब तोच असेल तर घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १० अंशांच्या म्हणजे २८३ केल्व्हिनच्या पहाटेपेक्षा ४० अंशांच्या दुपारी हवा सुमारे साडेनऊ टक्के हलकी भरते. अंतर मात्र तितके वाढत नाही, कारण हवेचा अडथळा घटतो तसा उचलही घटतो. आणि कोरडेपणाचे काय? दमट हवा जड असते हा समज चुकीचा आहे. पाण्याच्या रेणूचे वजन १८, हवेचे सरासरी २९. म्हणजे त्याच तापमानाला मुंबईची दमट हवा वाळवंटातल्या कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच!

चेंडूचे गणित असे सुटते; गवताचे इतके सहज सुटत नाही. तिथे उन्हाळ्यात लावतात ते गवत म्हणजे आपल्या हरळीची, दूर्वांचीच संकरित जात. थंडीत ती पिवळी पडते, आणि खेळाचा हंगाम तर थंडीचाच. म्हणून शरद ऋतूत काही आठवडे मैदान बंद ठेवून त्यावर राय गवताचे बी पेरतात आणि पुन्हा भरपूर पाणी देतात.

कडक उन्हाळ्यात गवतातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. चाळीस हेक्टर हिरवळीला दिवसाला ३२ लाख लिटर लागतील! हे पाणी वाया जाते कुठे? माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने, दर चौरस मीटरचे ते आठ लिटर वाफ होताना सुमारे १९ मेगाज्यूल उष्णता घेतात. उन्हाळी दिवसभरात तेवढ्या जागेवर येणाऱ्या उन्हाचा हा जवळजवळ दोन तृतीयांश भाग झाला. म्हणून शेजारची वाळू पाय भाजते आणि हिरवळ सुखद वाटते. गारवा फुकट नाही, तो पाण्याने विकत घेतलेला आहे.

हे पाणी जमिनीखालून आणि कोलोरॅडो नदीच्या कालव्यातून येते. उपसा फार झाला की वाळू-मातीच्या थरांतील पाण्याचा दाब घटतो आणि थर दबतात. १९९५ ते २०१० या काळात खोऱ्यात काही ठिकाणी जमीन सुमारे ६० सेंटिमीटरपर्यंत खचली. पुढे नदीचे पाणी मुद्दाम जमिनीत मुरवल्यावर आणि अनेक मैदानांना कालव्याचे व शुद्ध केलेले सांडपाणी दिल्यावर खचणे मंदावले. पण नदीही अटत चालली आहे. २०२१ साली तिच्या खालच्या खोऱ्यात इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली.

शेजारच्या अ‍ॅरिझोना राज्यात १९८० साली भूजल कायदा झाला. तिथल्या काही मैदानांवर आता चेंडू पडावा अशी अपेक्षा असते तेवढ्याच जागी गवत राखतात. मधे वाळू, खडक आणि निवडुंग तसेच सोडतात. चेंडू भरकटला तर निवडुंगात जातो. खेळाडू कुरकुरतात, पण हिरवळीचे क्षेत्र निम्मे झाले तर वरच्या ३२ लाखांचे काय होते, ते तुम्हीच वहीत मांडून पाहा.